मूल मागे पडतंय अशी शंका आली तर: कोणत्या क्रमाने काय करावं

बाळ वयाप्रमाणे बसत नाही, चालत नाही, बोलत नाही असं लक्षात आलं की बहुतेक घरांत सगळं एका ठरलेल्या क्रमाने घडतं. आधी वाट पाहणं: ‘त्याचे पप्पापण उशिराच बोलले होते.’ मग नवस, अंगारा, जिभेला मधात उगाळलेलं वेखंड. मग एकदम शहरातला मोठा डॉक्टर, एमआरआय, मोठं बिल. मग ‘नक्की काय झालंय’ हे कळेपर्यंत थांबणं, मग प्रमाणपत्राच्या चकरा. थेरपी त्यानंतर, आणि अंगणवाडी सगळ्यांत शेवटी, ‘जरा सुधारला की पाठवू’ म्हणत.

यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीच्या जागी आहे. कान-डोळे आधी तपासायचे, घरचा सराव त्याच आठवड्यात सुरू करायचा, अंगणवाडी थांबवायचीच नाही. आजाराचं नाव आणि कागद त्यांच्या गतीने येऊ द्यायचे. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते, म्हणून वाट पाहण्यात गेलेले सहा महिने महाग पडतात. खालचा क्रम ० ते ६ वयाच्या मुलांसाठी आहे.

१. आधी वय नीट मोजा

बाळ नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर जन्मतारखेवरून मोजलेलं वय विकासासाठी चालत नाही. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरा. बाळ ३२व्या आठवड्यात झालं असेल तर ते ८ आठवडे लवकर आलं. आज ते ६ महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून साधारण ४ महिन्यांच्या बाळाइतकी अपेक्षा ठेवायची. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करतात. किती आठवड्यांचं बाळ होतं हे दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर असतं. आठवणीवर विसंबू नका.

यात दोन्ही बाजूंनी चूक होते. काही घरं वजाबाकी करतच नाहीत आणि उगाच घाबरतात. काही घरं पुढे तीन-चार वर्षं ‘सातव्या महिन्यातलं आहे ना’ म्हणून सगळं माफ करतात.

*सावधान:* लसीकरणाला ही वजाबाकी लागू नाही. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

२. आठवडाभर पाहा आणि लिहून काढा

‘मंद वाटतो’, ‘हुशार आहे पण आळशी आहे’ यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. साधी वही घ्या आणि मूल काय करतं, काय करत नाही ते लिहा. खालीलपैकी काही दिसलं तर पुढच्या पायरीला लगेच जायचं:

- ३ महिने झाले तरी माणसाकडे बघून हसत नाही
- ५ महिने झाले तरी मान सावरत नाही
- ९ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही
- १२ महिने झाले तरी ‘बाबाबा, दादादा’ असे आवाज नाहीत, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही
- १६ महिने झाले तरी एकही अर्थाचा शब्द नाही
- १८ महिने झाले तरी एकटं चालत नाही
- २ वर्षं झाली तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नाही (‘आई ये’, ‘दूदू दे’). ऐकलेलं तसंच परत म्हणणं यात धरू नका

यांशिवाय दोन गोष्टी वयाच्या कोष्टकात बसत नाहीत, पण फार महत्त्वाच्या आहेत. वर्षाच्या आतलं बाळ कायम एकच हात वापरतंय आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली आहे, याला ‘डावखुरा होणार’ म्हणून सोडून देऊ नका. आणि मूल पूर्वी करत होतं ते करेनासं झालं, म्हणजे शब्द गेले, नजर देणं थांबलं, बसायचं ते पडायला लागलं, तर वहीबिही बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा. वय कितीही असो.

घरोघरी होणारी एक तपासणी मात्र बंद करा: पाठीमागून ताट वाजवणं. मूल वळलं की ‘ऐकू येतं’ असा निकाल लागतो. पण ताटाचा दणका जमिनीतून जाणवतो, सावली दिसते, आईचे डोळे तिकडे वळलेले दिसतात. शिवाय मोठा दणका ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील, हे शक्य आहे. तुमच्या वहीत ‘ताट वाजवलं तर बघतो’ असं लिहिलं असेल तर ते खोडा.

मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ काढा. मूल पोटावर असताना, बसलेलं असताना, दुसऱ्या मुलासोबत खेळताना आणि नावाने हाक मारल्यावर. कॅमेरा मुलाच्या उंचीला, प्रकाश समोरून. पोट भरलेलं, झोप झालेली, ताप नाही अशा वेळी. दवाखान्यात मूल घाबरून काहीच करत नाही, तेव्हा हे व्हिडिओ उपयोगी पडतात. ‘म्हण ना, म्हण ना’ असा मागून आवाज नको.

३. फाईल तयार करा

एकच फाईल, तारखेप्रमाणे लावलेली. त्यात:

- डिस्चार्ज कार्ड: जन्मवजन, किती आठवडे, बाळ लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं
- कावीळ किती वाढली होती, निळ्या दिव्याखाली ठेवलं का, रक्त बदललं का
- आकडी किंवा झटके आले असतील तर कधी, किती वेळ
- माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाच्या नोंदी आणि वजन-उंचीच्या आलेखासह
- आधीचे सगळे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, तुमची वही

मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा. कुणाला लाज वाटायचं कारण नाही, पण काही आनुवंशिक आजारांचा शोध त्या एका माहितीने लवकर लागतो. आधीचं मूल दगावलं असेल तर तेही सांगायचं.

दवाखान्यात जाताना आईसोबत घरातला निर्णय घेणारा माणूस असू द्या. एकटी आई जाते, सगळं ऐकून येते आणि घरी आल्यावर ‘डॉक्टर असं म्हणालेच कसे’ यावर आठवडा जातो. हे इतकं नेहमीचं आहे की मी ते तयारीच्या यादीतच घालते.

४. पहिल्यांदा कान, डोळे आणि रक्त

हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. कान न तपासता वर्षभर स्पीच थेरपी घेणारी मुलं सापडतात.

*कान.* जन्मानंतर १ महिन्याच्या आत चाळणी (प्राथमिक तपासणी), ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे जगभर मान्य असलेलं वेळापत्रक आहे. ते हुकलं असेल तर आज करा. चाळणी ‘ओएई’ने होते: कानात बारीक आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजतात, दोन मिनिटांचं काम. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. सर्दी किंवा कानात मळ असेल तर चांगल्या कानाचाही रिपोर्ट ‘रेफर’ (म्हणजे पुढे तपासा) येतो, तेव्हा ते बरं करून पुन्हा तपासा. उलट, काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळात ओएई ‘पास’ येऊनही कानाच्या नसेत दोष असू शकतो. अशा बाळाची ‘बेरा’ तपासणी मागा, ती आवाज नसेतून मेंदूकडे पोहोचतो का ते पाहते. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. त्या दिवशी पहाटे उठवा, प्रवासात झोपू देऊ नका, तिथे गेल्यावर पाजून झोपवा. झोपेचं औषध लागलंच तर ते तिथले डॉक्टर देतील, घरून देऊन नेऊ नका.

*डोळे.* ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी. फार लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. हा मुहूर्त चुकला तर गेलेली नजर परत आणता येत नाही. मोठ्या मुलात तिरळेपणा, वस्तू डोळ्याजवळ धरणं, अंधार पडला की अडखळणं, हे सांगा.

*रक्त.* हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळेत सापडली तर रोजच्या एका स्वस्त गोळीने मतिमंदत्व टळतं. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं, मरगळलेलं असतं आणि शिकण्यात मागे पडतं. लोहाचं सिरप ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सरकारी योजनेत मोफत मिळतं. आशाताईंकडे मागा.

*तपासा:* या तिन्ही गोष्टींचे रिपोर्ट फाईलमध्ये लागले का? नसतील तर एमआरआयचा विचार आधी करू नका, डॉक्टरांनी झटक्यांसाठी किंवा तातडीने सांगितला असेल तर गोष्ट वेगळी.

*सावधान:* वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, वेखंडासोबतही नाही. मधातून होणारी विषबाधा बाळाचे स्नायू लुळे पाडते.

५. कुठे जायचं

गावात सुरुवात आशाताई आणि अंगणवाडी सेविकेपासून. आशाताईंच्या घरभेटी ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्याला ठरलेल्या आहेत. त्या दिवशी फक्त वजन होऊन भेट संपू देऊ नका, वही दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. आता चूक कुठे होते पाहा: जानेवारीत शंका येते आणि ‘गाडी जूनमध्ये येईल’ म्हणून घर थांबतं. थांबायचं कारण नाही. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बहुतेक ठिकाणी सिव्हिलच्या (जिल्हा सरकारी रुग्णालयाच्या) आवारात. केसपेपरच्या खिडकीवर ‘डीईआयसी’ हे त्याचं इंग्रजी लघुनाव म्हटलं की पटकन कळतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत अशी त्याची रचना आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असू शकतं, म्हणून निघण्याआधी कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी बसतो ते फोन करून किंवा आशाताईंमार्फत विचारा. मुंबई परिसरात ऐकण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

भेटीत तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका:

1. कोणत्या बाबतीत मूल मागे आहे आणि साधारण किती महिन्यांनी?
2. पुढच्या भेटीपर्यंत घरी काय करायचं? करून दाखवा, मी तुमच्यासमोर करून बघते.
3. पुन्हा कधी?

‘आजाराचं नाव काय’ हा चौथा प्रश्न. तो विचारा, पण उत्तर ‘अजून सांगता येत नाही’ असं आलं तर डॉक्टर बदलू नका. लहान वयात ते प्रामाणिक उत्तर असू शकतं. आणि चाळणीत मूल अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. चाळणी फक्त ‘नीट तपासा’ एवढंच सांगते.

६. घरचा सराव: नाव कळायच्या आधीच

आठवड्यातून एकदा पाऊण तास थेरपी आणि उरलेला आठवडा काही नाही, याने फरक पडत नाही. वेगळा ‘थेरपीचा तास’ही लावू नका, दोन आठवड्यांत तो बंद पडतो. रोज होणाऱ्याच कामांत सराव घाला.

*जेवण.* स्नायू ताठ किंवा सैल असलेल्या मुलाला आडवं ठेवून कधीही भरवू नका. घास श्वासनलिकेत जातो, वारंवार न्यूमोनिया होतो. पाठ सरळ, मान किंचित पुढे, तुमची नजर मुलाच्या नजरेच्या पातळीला. मान मागे टाकून घास सरकवणं हीसुद्धा तीच चूक. जेवताना ठसका लागतो, आवाज घोगरा होतो असं असेल तर थेरपिस्टला पुढच्या भेटीची वाट न बघता सांगा.

*आंघोळ आणि कपडे.* ‘हात वर’, ‘पाय दे’ असं प्रत्येक कृतीआधी सांगा आणि थांबा. मनात पाच अंक मोजा. हे थांबणं घरातल्या मोठ्यांना सर्वांत अवघड जातं. मूल हालचाल सुरू करेपर्यंत आजीने अंगरखा घालून नाडीसुद्धा बांधलेली असते.

*मागणं.* मुलाने मागायच्या आधी देऊ नका. ‘केळं की बिस्किट?’ म्हणत दोन्ही हातांत धरा. बोट, नजर, आवाज, काहीही चालेल. पण काहीतरी येऊ द्या. शब्दच म्हटला पाहिजे असा हट्ट धरून मुलाला रडवू नका.

*पोटावर पालथं.* बाळ जागं असताना, दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. गोधडीची घडी छातीखाली दिली की मान उचलायला सोपं जातं. झोपवताना मात्र पाठीवरच.

*वॉकर.* ज्यात बाळाला बसवतात तो चाकांचा वॉकर काढून टाका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट अपघात होतात. उभं राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा ही वेगळी वस्तू आहे. मूल स्वतः धरून उभं राहायला लागल्यावर, कुणी जवळ असताना तो चालतो.

*मोबाईल.* दोन वर्षांच्या आत नको. २ ते ४ वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलाला ‘राइम्स बघून शब्द शिकतो’ म्हणून मोबाईल देणं उलटं काम करतं, कारण व्हिडिओ मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

*भाषा.* ‘दोन भाषांनी गोंधळतोय, फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला शहरात सर्रास मिळतो. तो मानू नका. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता रागावता, लाड करता, गाणी म्हणता, तीच बोला. मग ती मराठी असो, अहिराणी असो की गोंडी. इंग्रजीत चार आज्ञा देणारी आई दिवसभरात फार कमी बोलते, आणि नुकसान तिथे होतं.

*तपासा:* घरातल्या प्रत्येकाला एकच सराव माहीत आहे का? आई थांबते आणि आजोबा आधीच देतात, असं असेल तर सराव होतच नाही.

७. अंगणवाडी

अंगणवाडीत दिव्यांग मुलांसाठी काय करायचं याचा प्रोटोकॉल केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला. चाळणी, अंगणवाडीत सामावून घेणं आणि आशा व फिरत्या पथकामार्फत पुढे पाठवणं, असे त्याचे तीन टप्पे आहेत. ‘आमच्याकडे असं मूल घेत नाहीत’ असं उत्तर आलं तर पर्यवेक्षिका ताईंशी बोला. पण पहिल्या दिवशी कायदा दाखवत जाऊ नका. सेविकेच्या हाताशी एक मदतनीस आणि समोर वीस-पंचवीस मुलं असतात. तिला नियमापेक्षा आधी ‘हे मूल सांभाळायचं कसं’ हे हवं असतं.

म्हणून एका कागदावर लिहून न्या: त्याला काय आवडतं, कशाला घाबरतो, शू आली तर कसं सांगतो, कसं बसवायचं, काय खाऊ घालायचं नाही, झटका आला तर काय करायचं आणि कुणाचा फोन. पहिला आठवडा तासभर, खेळाच्या वेळेला. मग हळूहळू वेळ वाढवत गाण्यांपर्यंत आणि आहारापर्यंत. पहिल्याच दिवशी चार तास सोडलं, मूल रडलं आणि दोन्ही बाजूंनी ‘जमणार नाही’ असा शिक्का बसला, हा शेवट टाळता येतो.

सेविकाताईंसाठी:

- ऐकू कमी येणारं मूल समोर, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असं. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका.
- दिसायला कमी असलेल्या मुलाला सामानाच्या जागा एकदा हाताने दाखवा आणि रोज बदलू नका.
- बसता न येणारं मूल भिंतीच्या कोपऱ्यात टेकवता येतं, पण मुलांच्या गोलाला कोपऱ्याकडे आणा. त्याला एकटं तिकडे ठेवून गोल मध्यभागी नको.
- आवाजाने कान झाकणाऱ्या मुलाला गाण्याच्या वेळी दाराजवळ बसू द्या. पुढे काय होणार ते चित्रं लावून दाखवा: हात धुणं, खाऊ, खेळ, घर.
- खेळाचा नियम एकाच मुलासाठी बदलण्यापेक्षा सगळ्यांसाठी बदला. चेंडू फेकायचा नाही, घरंगळत द्यायचा, की सगळेच खेळतात.

मुलं विचारतात, ‘ताई, हा असं का करतो?’ त्यांना गप्प करू नका. ‘त्याचे पाय अजून मजबूत व्हायचेत, तो बसून खेळतो’ एवढं साधं उत्तर पुरतं. ‘बिचारा’ हा शब्द मात्र वर्गात नको, मुलं तो लगेच उचलतात.

*सावधान:* मूल रोज हजर आहे पण दिवसभर मदतनीस ताईंच्या मांडीवर आहे, हे सामावून घेणं नाही. आज दुसऱ्या मुलाशी काही देवाणघेवाण झाली का, हे रोज एकदा बघा.

८. कागदपत्रं, समांतर

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. लहान मुलांना अनेकदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा संपण्याची तारीख फाईलच्या कव्हरवरच लिहून ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारा दोष), बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बघा. तिचं संरक्षण वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात.

आधार कार्डावरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का ते अर्जाआधी पाहा. जावळाच्या वेळी नाव बदललेलं असतं आणि अर्ज तिथेच अडकतो.

प्रमाणपत्र नाही म्हणून तपासणी, थेरपी किंवा अंगणवाडी नाकारता येत नाही.

९. दर तीन महिन्यांनी, आणि पहिलीच्या आधी

तीन महिन्यांनी तीच वही, तेच व्हिडिओ, त्याच जागी, त्याच पद्धतीने. शेजारच्या मुलाशी तुलना करायची नाही, मागच्या व्हिडिओशी करायची. काहीच हललं नसेल तर सराव बदलायला सांगा. ‘चालू ठेवा’ एवढ्यावर परत येऊ नका. चष्मा किंवा श्रवणयंत्र मिळालं असेल तर ते दिवसातून किती तास अंगावर असतं ते लिहा. डब्यात ठेवलेल्या यंत्राची प्रगती सगळ्यांच्या एकसारखीच असते.

पाचवं वर्ष लागलं की शाळेची तयारी. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. प्रवेशाच्या हंगामात धावपळ करण्यापेक्षा दिवाळीनंतर एकदा शाळेत जाऊन या. पायऱ्या किती, संडास कसा आहे, दाराची रुंदी किती, पहिलीचा वर्ग तळमजल्यावर आहे का ते पाहा. मुख्याध्यापकांना विचारा की समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक या शाळेत कोणत्या वारी येतात. अंगणवाडीताईंना एक दिवस सोबत न्या, आणि सातव्या पायरीतला कागद नव्याने लिहून वर्गशिक्षकांच्या हातात द्या.